महाग छर्रे आणि एअरसॉफ्टचा स्नायपर: पैसा नेमका कुठे कामी येतो

गेल्या फेब्रुवारीत गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, एका सड्यालगतच्या (जांभ्याच्या खडकाळ पठारालगतच्या) काजूच्या बागायतीत, मालकाची रीतसर परवानगी घेऊन आम्ही एअरसॉफ्टचा खेळ लावला होता, तेव्हा माझ्या भाच्याने पिशवीतून एक छोटी बाटली काढली आणि विचारले, ‘मामा, हे छर्रे साध्यापेक्षा चौपट महाग आहेत. घेतले ते बरोबर केले ना?’ बाटलीवर ‘प्रिसिजन’ हा शब्द ठळक छापलेला होता. त्या वेळी मी त्याला एका वाक्यात उत्तर दिले नाही, कारण ‘महाग छर्रा’ या दोन शब्दांत निदान तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात: छर्ऱ्याचे वजन, त्याच्या घडणीतला नेमकेपणा आणि त्यावरचे नाव. यांपैकी वजनासाठी मोजलेला पैसा स्नायपरला जवळजवळ नेहमीच परत मिळतो. नेमकेपणासाठी मोजलेला पैसा बंदूक त्या पातळीची असेल तरच मिळतो, आणि नावासाठी मोजलेल्या पैशाची खात्री कोणी देऊ शकत नाही. असे का, ते या लेखात हिशेबासह मांडण्याचा प्रयत्न करतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. एअरसॉफ्ट हा जपानमध्ये रुजलेला खेळ आहे. त्यात खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या, पण दाबलेल्या हवेने किंवा गॅसने प्लॅस्टिकचा गोल छर्रा फेकणाऱ्या बंदुका वापरतात. छर्ऱ्याला खेळाडू ‘बीबी’ म्हणतात आणि त्याचा व्यास नावापुरता ६ मिलिमीटर, प्रत्यक्षात सुमारे ५.९५ मिलिमीटर असतो. छर्रा लागला की लागलेल्याने स्वतःहून हात वर करून बाहेर जायचे असते. छर्रा लागला की नाही हे ठरवणारा पंच बहुधा नसतो, सारा खेळ प्रामाणिकपणावर चालतो. बहुतेकांच्या हातात विजेवर चालणारी, झडीसारखी गोळ्या सोडणारी बंदूक असते. स्नायपरच्या हाती मात्र बहुधा स्प्रिंगवर चालणारी, प्रत्येक गोळीआधी बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा, हाताने मागे ओढावा लागणारी बंदूक असते. तो दिवसभरात थोड्याच गोळ्या झाडतो आणि त्यांतली प्रत्येक लागावी अशी त्याची अपेक्षा असते.

प्रथम वजनाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. बाजारात ०.२० ग्रॅमचे छर्रे सर्वांत सहज मिळतात, स्नायपर ०.४० ग्रॅम किंवा त्याहून जड छर्रे वापरतात. दोन्हींचा आकार अगदी सारखा असतो. ५.९५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्याचे आकारमान सुमारे ०.११ घनसेंटिमीटर भरते, म्हणजे ०.४० ग्रॅमच्या छर्ऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीनपटीहून अधिक होते. साध्या एबीएस प्लॅस्टिकची घनता पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जास्त असते. नुसत्या त्याच प्लॅस्टिकचा छर्रा केला तर तो ०.१२ ग्रॅमच्या आसपास भरेल. जड छर्ऱ्यात जड खनिजांची भुकटी मिसळावी लागते आणि ती सगळीकडे सारखी पसरवावी लागते, म्हणून त्याची किंमत वाढते. या वाढीव किमतीला ठोस कारण आहे.

आता समजा, एकाच बंदुकीतून दोन्ही छर्रे १ ज्यूल ऊर्जेने सुटले. ०.२० ग्रॅमचा छर्रा नळीतून सेकंदाला १०० मीटर वेगाने निघेल आणि ०.४० ग्रॅमचा सुमारे ७१ मीटर वेगाने. नवख्या खेळाडूला इथे हलका छर्रा सरस वाटतो, आणि वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवरचा आकडा पाहून तर तो हरखतोच. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि दोन्हींचा आकार सारखा असला तरी हलक्या छर्ऱ्याजवळ त्या विरोधाशी झुंजायला वस्तुमान अर्धेच असते. गोल वस्तूच्या हवेतील विरोधाचा नेहमीचा सहगुणक घेऊन हिशेब केला, तर ५० मीटरवर पोहोचेपर्यंत हलक्या छर्ऱ्याचा वेग १०० वरून सुमारे १५ मीटरवर येतो, तर जड छर्रा त्याच ठिकाणी अजून सुमारे २८ मीटर वेगाने चाललेला असतो. साधारण ३० मीटरपर्यंत हलका छर्रा पुढे असतो. तिथे जड छर्रा त्याला गाठतो आणि ५० मीटरवर जड छर्रा सुमारे १.२ सेकंदांत, हलका सुमारे दीड सेकंदात पोहोचतो. उरलेल्या ऊर्जेत तर जवळपास सहापटीहून अधिक फरक पडतो. ज्या खेळात समोरच्याला छर्रा लागल्याचे जाणवले तरच तो बाहेर जाणार, त्या खेळात हा फरक फार मोलाचा आहे. दूरवर लागलेला हलका छर्रा शर्टावर पानासारखा पडतो. लागलेल्याला तो खरोखरच कळत नाही, आणि मग विनाकारण एकमेकांच्या प्रामाणिकपणावर संशय घेतला जातो.

गोव्यात खेळणाऱ्याने वजनाचा विचार आणखी एका कारणाने करायला हवा, आणि ते कारण म्हणजे वारा. उन्हाळ्यात आपल्या किनारपट्टीवर सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे असतात. ऊन तापले की खारे वारे सुटतात आणि दुपारभर सडा झोडपून काढतात. चेहऱ्यावर जाणवेल आणि काजूची पाने सळसळतील इतका वारा म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर. असा वारा आडवा असेल तर ५० मीटरवर पोहोचेपर्यंत ०.२० ग्रॅमचा छर्रा जवळजवळ ३ मीटर बाजूला सरकतो, तर ०.४० ग्रॅमचा सुमारे दीड मीटर. माणसाच्या छातीची रुंदी अर्ध्या मीटरच्या आतली असते. म्हणजे दोन्ही वेळा नेम वाऱ्याकडे धरावाच लागतो, पण दीड मीटरचा अंदाज सवयीने साधतो आणि तीन मीटरचा अंदाज बहुतेक वेळा चुकतोच. वाऱ्याची झुळूक मध्येच कमी-जास्त झाली तर होणारी चूकही जड छर्ऱ्यात निम्मी राहते. छर्रा कितीही गुळगुळीत आणि कितीही महाग असला तरी वाऱ्यासमोर त्याचा गुळगुळीतपणा काही करू शकत नाही. तिथे वजनच उपयोगी पडते. माझ्या भाच्याची ती महाग बाटली ०.२८ ग्रॅमची होती. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात तिने काय करावे अशी अपेक्षा होती, हे मला समजले नाही, आणि त्यालाही दोन तासांत कळून चुकले.

यानंतरचा मुद्दा फिरकीचा. तो समजल्याशिवाय ‘प्रिसिजन’ छर्ऱ्याची खरी किंमत कळत नाही. एअरसॉफ्टची नळी आतून गुळगुळीत असते. खऱ्या रायफलीसारखे पेचदार खाचे तिच्यात नसतात. या बाबतीत ती जुन्या तोड्याच्या बंदुकीच्या नात्यातली आहे. १६व्या शतकात गोव्याच्या आर्सेनलमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या शस्त्रांच्या कारखान्यात, अशा बंदुका घडवल्या जात, आणि त्यांतही गोल गोळा गुळगुळीत नळीतून सुटत असे. नळीपेक्षा गोळा थोडा लहान ठेवावा लागे, त्यामुळे तो आत आपटत आपटत बाहेर पडे आणि शेवटी ज्या बाजूला घासेल तशी त्याला फिरकी मिळे. ही फिरकी गोळ्याला वाटेत वळवते हे इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पुढे १८५२ मध्ये जर्मनीच्या हाइनरिख माग्नुस यांनी त्याचा अभ्यास केला आणि परिणामाला त्यांचे नाव मिळाले. आपल्याकडे फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही हा परिणाम ओळखीचा आहे: फ्री-किक घेताना चेंडूला बाजूने घासून मारले की तो बचावपटूंच्या भिंतीला वळसा घालून गोलात शिरतो, तो याच कारणाने.

एअरसॉफ्टच्या बंदुकीने ही जुनी अडचण उपयोगात आणली. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा एक छोटा उंचवटा खाली डोकावतो. छर्रा त्याखालून घासून जातो आणि त्याला मागच्या दिशेची फिरकी मिळते. याला हॉप-अप म्हणतात. ही फिरकी छर्ऱ्याला वर उचलून धरते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने तो लगेच खाली न पडता बराच काळ जवळजवळ सरळ जातो. हॉप-अप नसेल तर १ ज्यूलच्या छर्ऱ्याने ५० मीटरची आशाच करू नये. पण यात मेख अशी की छर्ऱ्याला वर धरणारे बल फिरकीवर अवलंबून असते आणि फिरकी त्या रबराच्या स्पर्शावर. रबर किंचित तिरके बसले असेल तर छर्रा प्रत्येक वेळी डावीकडे किंवा उजवीकडे वळेल. रबराचा स्पर्श एका गोळीला जास्त आणि दुसरीला कमी झाला तर एक गोळी झाडाच्या शेंड्याकडे जाईल आणि दुसरी वाटेतच जमिनीला टेकेल. महाग छर्ऱ्याचा सगळा दावा नेमका इथे येऊन टेकतो: आमचे छर्रे सारखे आहेत, त्यामुळे रबराचा स्पर्श सारखा होईल.

हा दावा खोटा नाही. छर्रे साच्यात प्लॅस्टिक दाबून बनवतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक शिवण राहते आणि प्लॅस्टिक जिथून आत सोडले तिथे एक खूण उरते. चांगले उत्पादक नंतर छर्रे घासून, चकाकी आणून ही शिवण आणि खूण घालवतात आणि सगळ्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या फरकाच्या आत आणतात. हलगर्जीने बनवलेल्या छर्ऱ्यात शिवण बोटाला लागते, काही अंडाकृती असतात, आणि काहींच्या पोटात हवेचा बुडबुडा राहिलेला असतो. बुडबुडा असलेल्या छर्ऱ्याचा गुरुत्वमध्य बाजूला जातो, तो डगमगत फिरतो आणि त्याची वाट कोणीच सांगू शकत नाही. शिवाय स्नायपर आपली आतली नळी अरुंद बसवतो, साधारण ६.०३ मिलिमीटरची, किंवा हौस मोठी असेल तर ६.०१ ची. ६.०३ च्या नळीत ५.९५ च्या छर्ऱ्याभोवती एकूण ०.०८ मिलिमीटरच मोकळीक उरते. छर्ऱ्याच्या व्यासात ०.०१ चा फरक झाला तरी ती मोकळीक आठव्या हिश्श्याने बदलते, त्यातून निसटणारी हवा बदलते आणि रबराचा दाबही बदलतो. नळी जितकी अरुंद तितका छर्रा निवडक हवा. वाईट छर्रा अशा नळीत अडकला तर तो काढताना नळीला ओरखडा पडतो, आणि छर्ऱ्यांत वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात जातात.

वजनातला फरकही असाच मोजता येतो. ०.४० ग्रॅमच्या बाटलीत एखादा छर्रा ०.३९ आणि एखादा ०.४१ निघाला, तर दोघांच्या ५० मीटर गाठण्याच्या वेळेत मला हिशेबाने जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. हलका थोडा वेगाने निघतो पण लवकर मंदावतो आणि शेवटी दोघे बरोबरच पोहोचतात. फरक पडतो तो उचलून धरणाऱ्या बलात. हॉप-अप ०.४० साठी बेताने जुळवलेला असेल तर तेवढीच उचल ०.३९ ला थोडी जास्त होते आणि ०.४१ ला थोडी कमी. ढोबळ हिशेबाने ०.०१ ग्रॅमच्या फरकाने ५० मीटरवर १५ ते २० सेंटिमीटर वर-खाली होते. छातीचा नेम धरला असेल तर हनुवटी किंवा पोट, एवढा तो फरक असतो. लागतो, पण मनासारखा नाही. तोच फरक ०.००३ ग्रॅमच्या आत असेल तर चूक ५ सेंटिमीटरवर येते, जिची खेळात दखलही घ्यायला नको.

मग चौपट पैसे द्यावेत का? इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, जी बाटलीवर छापलेली नसते. वेगवेगळ्या कारणांनी होणाऱ्या चुका एकमेकींत सरळ मिळवल्या जात नाहीत. शाळेत काटकोन त्रिकोणाचा जो नियम शिकलो तो इथे लागू पडतो: दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढायचे. समजा, ५० मीटरवर तुमच्या बंदुकीमुळे, म्हणजे ढिले रबर, प्रत्येक वेळी वेगळा बसणारा पिस्टन, हलणारी नळी आणि तुमचा स्वतःचा हात या सगळ्यांमुळे गोळ्या ३० सेंटिमीटर विखुरतात, आणि छर्ऱ्यांमुळे १० सेंटिमीटर. एकूण विखुरणे ४० नव्हे, तर सुमारे ३१.६ सेंटिमीटर होईल. आता अगदी निर्दोष, देवाघरचे छर्रे आणले आणि छर्ऱ्यांची चूक शून्यावर आणली, तरी उरतात ३० सेंटिमीटर. चौपट पैशाने दीड सेंटिमीटर मिळाले. याउलट आधी बंदुकीची चूक १० सेंटिमीटरवर आणली असेल तर एकूण विखुरणे १४ सेंटिमीटर असते, आणि मग निर्दोष छर्ऱ्यांनी ते १० वर येते. जवळजवळ तीस टक्के सुधारणा. म्हणजे एकच बाटली एकाच्या बंदुकीत वाया जाते आणि दुसऱ्याच्या बंदुकीत किंमत वसूल करते. स्नायपरच्या खर्चाचा सगळा क्रम या एका त्रिकोणातून ठरतो, आणि मी तो भाच्याला जमिनीवर काडीने काढून दाखवला.

ऑलिंपिकमधील १० मीटर एअर रायफलचे नेमबाज हे फार पूर्वीपासून जाणतात. ज्या प्रकारात २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारात लक्ष्याचा १० गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे रायफल पेचदार नळीची आणि छर्रा शिशाचा असतो, म्हणून त्यांचे सगळे इथे लागू पडत नाही. पण त्यांची एक सवय उचलण्यासारखी आहे: ते कंपनीच्या नावावर विसंबत नाहीत, एका घाण्यात बनलेल्या छर्ऱ्यांचे नमुने रायफल घट्ट बसवून स्वतः झाडून पाहतात आणि आपल्या रायफलीला जो घाणा मानवतो तोच साठवतात. एअरसॉफ्टमध्येही एकाच नावाच्या दोन घाण्यांत फरक निघतो. मी एकदा एका प्रसिद्ध नावाची बाटली आंधळेपणाने घेतली होती आणि तिच्यातल्या दर दहांपैकी एक-दोन छर्ऱ्यांवर शिवण होती. त्याआधीच्या बाटलीत ती कधी दिसली नव्हती.

तपासणी घरच्या घरी करता येते. माझ्या ओळखीच्या एका सोनाराच्या काट्यावर मिलिग्रॅमपर्यंत वजन दिसते. दुकान रिकामे असताना त्यांनी मला वीस छर्रे एकेक करून तोलू दिले, आणि आपण सोन्याऐवजी प्लॅस्टिक का तोलतो आहोत हे विचारल्यावर सगळा विषय समजावूनही घेतला. वीसच्या वीस एकत्र तोलून सरासरी काढल्याने काही कळत नाही. एकेकच तोलायला हवा, कारण आपल्याला सरासरी नव्हे, विखुरणे पाहायचे आहे. व्यासासाठी स्क्रू-गेज पुरते. प्रत्येक छर्रा फिरवून तीन ठिकाणी मोजावा, म्हणजे अंडाकृती असेल तर उघड होतो. काही छर्रे कापून पोटात बुडबुडा आहे का तेही पाहावे. पण शेवटचा निकाल कागदच देतो. सकाळी वारा पडलेला असताना, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, ४० मीटरवर मोठा कागद लावून एका प्रकारच्या निदान दहा-दहा गोळ्यांचे तीन संच झाडावेत. पाच गोळ्यांचा एक सुरेख झुबका पाहून निर्णय घेऊ नये. पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात, तीस पडत नाहीत. आणि छर्ऱ्याचे वजन बदलले की हॉप-अप नव्याने जुळवल्याशिवाय तुलना करू नये. ही चूक इतकी सर्रास होते की निम्म्याहून अधिक ‘हे छर्रे वाईट आहेत’ हे मत तिच्यातूनच तयार होते, असे मला वाटते. काही बंदुकांचे मूळ रबर ०.४३ किंवा ०.४५ ग्रॅमला उचलूच शकत नाही. तिथे आधी रबर बदलावे किंवा एक पायरी खाली उतरावे.

गोव्यात ज्या गोष्टीने सर्वांत जास्त छर्रे बिघडतात, ती म्हणजे आपली हवा. मातीत विरघळतात म्हणून विकले जाणारे ‘बायो’ छर्रे बहुधा पीएलए या पदार्थाचे असतात, जो पिष्टमय पिकांपासून बनतो. तो ओलावा शोषतो, आणि ओलावा व उष्णता मिळून त्याची साखळी हळूहळू तुटते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते. तिथे अर्धवट उघड्या बाटलीतले बायो छर्रे कसे राहतील? एका पावसाळ्यात माझी एक महागडी बाटली झाकण नीट न लावता कपाटात राहिली, आणि ऑक्टोबरमध्ये त्यातले कित्येक छर्रे ६.०३ च्या नळीत जातानाच कुरकुरू लागले. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना आई सुकी मासळी आणि सोलां (आमसुले) ज्या काळजीने डब्यात ठेवते, त्याच काळजीने मी छर्रे ठेवतो: घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि वर बाटली उघडल्याची तारीख. दुसरा धोका उन्हाचा. पीएलए ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर एवढे तापमान सहज होते. मऊ पडून पुन्हा घट्ट झालेला छर्रा दिसायला गोल, पण मोजायला वाकडा निघतो. घडणीत नेमकेपणा आणण्यासाठी उत्पादकाने घेतलेले सगळे कष्ट गाडीत विसरलेली एक दुपार धुऊन टाकते.

‘बायो’ या शब्दावरही थोडे थांबायला हवे. पीएलए लवकर कुजण्यासाठी कारखान्यातल्या खतभट्टीसारखी, साठ अंशांच्या जवळपासची उष्णता आणि ओल सतत मिळावी लागते. आपल्या मातीत तो तितक्या लवकर नाहीसा होत नाही. म्हणून कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), ओढ्याकाठी किंवा किनाऱ्यावर खेळ लावूच नये असे मला कळकळीने वाटते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि पांढरा गोल प्लॅस्टिकचा दाणा तिथे पडणे कोणत्याही कारणाने क्षम्य नाही. स्नायपर दिवसाला पन्नास-साठ गोळ्या झाडतो, इतरांसारख्या हजारो नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

याच संख्येमुळे पैशाचा हिशेबही उलटतो. समजा, साधा जड छर्रा एका रुपयाला पडतो आणि निवडक छर्रा चार रुपयांना. झडी लावणाऱ्या खेळाडूचे दोन हजार छर्रे आठ हजार रुपयांचे होतील. त्याला हे परवडणारे नाही आणि उपयोगाचेही नाही. स्नायपरच्या साठ गोळ्यांचा फरक मात्र दिवसाला एकशेऐंशी रुपये होतो. पेडण्यापर्यंत गाडीचे पेट्रोल त्याहून जास्त लागते. तेव्हा ज्याची बंदूक खरोखर त्या पातळीला पोहोचली आहे, त्याने चार रुपयांची काळजी करू नये. ज्याची पोहोचलेली नाही त्याच्यासाठी हेच एकशेऐंशी रुपये काही रविवार साठवून चांगले हॉप-अप रबर घेणे अधिक शहाणपणाचे.

जड छर्ऱ्यासोबत जबाबदारीही वाढते. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने एकेक गोळी झाडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीला २.५ ज्यूल आणि झडीच्या बंदुकीला १.३ ज्यूल अशी मर्यादा घातली. जपानमध्ये ती सुमारे ०.९८ ज्यूल आहे. काही बंदुकांत, विशेषतः गॅसवर चालणाऱ्यांत, छर्रा जड केला की नळीत जास्त काळ ढकलला जाऊन त्याची ऊर्जा वाढते. म्हणून ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यावर मोजलेला वेग दाखवून ०.४५ झाडणे ही समोरच्याची फसवणूक आहे; ज्या छर्ऱ्याने खेळणार त्यानेच मोजायला हवे. जवळच्या अंतरावर स्नायपरने गोळी झाडू नये, आणि चेहऱ्याला चिकटून बसणारा, आघाताला टिकणारा चष्मा काजूच्या झाडाखाली घाम आला म्हणून एक क्षणही काढू नये. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ आहेत; हुबेहूब दिसणारी बंदूक घेण्यापूर्वी, मागवण्यापूर्वी किंवा कुठे नेण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात स्पष्ट विचारून घ्यावे, आणि ती नेहमी बंद पिशवीतून न्यावी.

भाच्याने ती ०.२८ ची बाटली संपवली नाही. धाकट्या मित्राला देऊन टाकली. त्याऐवजी ०.४० ग्रॅमचे मध्यम किमतीचे छर्रे आणि हॉप-अपचे नवे रबर घेतले, रबर सरळ बसवायला दोन संध्याकाळी घालवल्या, आणि एप्रिलमधल्या एका सकाळी ४० मीटरवरच्या कागदावर त्याचे तीस गोळ्यांचे वर्तुळ आधीच्यापेक्षा निम्म्याच्या जवळ आले. आता त्याच्या बंदुकीतली चूक आणि छर्ऱ्यातली चूक एकमेकींच्या बरोबरीला आली असावी, असा माझा अंदाज आहे. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला आणि सडा वाळला की निवडक छर्ऱ्यांची एक छोटी बाटली आणायची आणि त्याच कागदावर तीस गोळ्या झाडून पाहायचे, असे आम्ही ठरवले आहे. तोवर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या आहेत.